दुखते डोके, मूळ मानेत

वस्तीत डोकेदुखीला कोणी आजार मानत नाही. ताप आला तर माणूस दवाखान्यात जातो, हात मोडला तरी जातो. डोके दुखले तर मात्र दुकानातून गोळी आणायची, कपाळाला बाम चोळायचा, ओढणी घट्ट बांधायची आणि कामाला लागायचे. चार घरची धुणीभांडी, स्वतःचे घर, पाण्याची पाळी, या सगळ्यात डोके दुखते म्हणून आडवे पडायला आपल्या माता-भगिनींना फुरसत कुठली? महिनोन्महिने दुखत राहिले की घरचेच म्हणतात, "हिचे रोजचेच आहे." मग कोणी नजर काढते, कोणी देवऋषाकडे नेते.

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना डोकेदुखीची तक्रार आली की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : "दुखणे सुरू कुठून होते?" पुष्कळ जणींचा हात कपाळाकडे जात नाही, मानेच्या मागे जातो. "इथून चढते आणि डोळ्यात येऊन बसते," असे त्या सांगतात. हे उत्तर फार कामाचे आहे. मानेत सुरू होणारी प्रत्येक डोकेदुखी मानेचीच असते असे नाही, पण काहींची खरोखर मानेचीच असते. त्यांनी कपाळाला कितीही बाम चोळला तरी उपयोग होत नाही, कारण बिघाड दुसरीकडे असतो.

प्रत्येक दुखण्याला कारण असते. कारण शोधले तर उपाय सापडतो. या अंकात मानेतून येणारी डोकेदुखी म्हणजे काय, ती कशी ओळखायची, फिजिओथेरपिस्ट हातांनी तिच्यावर कसा उपचार करतात आणि घरी आपण काय करायचे, हे समजून घेऊ.

मान बिघडली तर डोके का दुखते?

आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. म्हणजे पाच किलो तांदळाची पिशवी आपण दिवसभर मानेवर तोलून धरतो. मानेत सात मणके आहेत. त्यांतले वरचे दोन इतरांपेक्षा वेगळे असतात. मान डावी-उजवीकडे वळवताना जवळजवळ निम्मे वळण या दोन मणक्यांमधल्या सांध्यातून मिळते. त्यांच्या मागे, कवटीच्या कडेखाली, लहान लहान स्नायूंच्या चार जोड्या आहेत. तासन् तास मान वाकवून शिलाई केली, भाजी निवडली, विडी वळली किंवा मोबाईल पाहिला की हे स्नायू आखडतात आणि वरचे सांधे ताठरतात. रिक्षाच्या किंवा मोटारसायकलच्या अपघातात मानेला हिसका बसला तरी असे होऊ शकते.

पण दुखणे कपाळात आणि डोळ्यात कसे पोहोचते? मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहरा, कपाळ, डोळे यांच्याकडून वेदना नेणारी नस, या सर्व मेंदूच्या खालच्या भागात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन गल्ल्या एकाच चौकात उघडाव्यात तसे हे आहे. चौकात गलका झाला तर लांबच्या माणसाला तो कोणत्या गल्लीतून आला ते कळत नाही. मेंदूचेही तसेच होते. आवाज मानेच्या गल्लीतून येतो आणि मेंदूला वाटते कपाळ दुखते आहे.

या दुखण्याला 'सर्व्हायकोजेनिक हेडेक' हे नाव नॉर्वेचे मेंदूरोगतज्ज्ञ ओतार शास्ताद यांनी १९८३ मध्ये दिले. आपण साध्या भाषेत 'मानेची डोकेदुखी' म्हणू. डॉक्टरांच्या कागदावर ते इंग्रजी नाव दिसले तर घाबरू नका, अर्थ हाच आहे.

ओळखायची कशी?

मानेच्या डोकेदुखीच्या खुणा अशा :

१. दुखणे मानेच्या मागे किंवा कवटीच्या कडेला सुरू होते आणि पुढे कपाळ, कानशील, डोळा यांच्याकडे सरकते.
२. बहुधा एकाच बाजूला दुखते आणि बाजू बदलत नाही. उजवी असेल तर दर वेळी उजवीच.
३. मान वळवली, वर पाहिले किंवा एकाच स्थितीत बराच वेळ काम केले की दुखणे वाढते.
४. मान एका बाजूला पूर्ण वळत नाही. रस्ता ओलांडताना मागे पाहायचे तर सगळे अंग वळवावे लागते.
५. कवटीच्या खालच्या कडेला बोटाने दाबले की तेच ओळखीचे दुखणे जागे होते.

आता इतर डोकेदुखीशी ताडून पाहा. अर्धशिशीत, म्हणजे मायग्रेनमध्ये, डोके ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते. तिची बाजू बदलू शकते. ताणाच्या डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, बहुधा दोन्ही बाजूंना. उपास, अपुरी झोप, चष्म्याचा नंबर, सर्दीने भरलेले नाक यांनीही डोके दुखते.

इथे एक सावधगिरी हवी. अर्धशिशीच्या रुग्णांचीही मान अनेकदा दुखते. काहींना दोन्ही प्रकार एकत्र असतात. म्हणून या खुणा डॉक्टरांना नीट सांगण्यासाठी आहेत, घरीच निकाल लावण्यासाठी नाहीत.

एक्स-रेबद्दलही सांगायला हवे. "एक्स-रेमध्ये मणक्यात गॅप आलाय, आता हे जन्माचे," असे ऐकून कितीतरी जण खचून जातात. वय वाढले की केस पांढरे होतात तसे मणक्यांतही बदल होतात. ज्यांना काहीही दुखत नाही अशांच्या एक्स-रेतही ते दिसतात. नुसत्या एक्स-रेवरून डोकेदुखीचे कारण ठरत नाही. तपासणाऱ्याने मानेला हात लावून, ती हलवून पाहिली पाहिजे.

आधी या धोक्याच्या खुणा पाहा

खालीलपैकी काहीही असेल तर मालीश नको, व्यायाम नको, फिजिओथेरपीची वाट पाहणेही नको. आधी दवाखाना गाठा.

• आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी अचानक, क्षणात सुरू झाली.
• डोकेदुखीबरोबर ताप आहे आणि हनुवटी छातीला टेकत नाही.
• तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, बोबडे बोलणे, दोन दोन दिसणे, गिळता न येणे, चालताना तोल जाणे, फिट येणे.
• डोक्याला किंवा मानेला मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे.
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील दुखत असेल आणि चावताना जबडा भरून येत असेल तर.
• गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज. हा रक्तदाब वाढल्याचा इशारा असू शकतो.
• दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, सकाळी उठताच उलटी.
• संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपू न देणारे मानेचे दुखणे. टीबी फुफ्फुसाला होतो तसा मणक्यालाही होतो. अशा मानेवर दाब देणे घातक आहे.

हा चौकोन कापून दाराच्या मागे चिकटवून ठेवा.

हातांनी होणारा उपचार

फिजिओथेरपी म्हणजे लकवा झालेल्यांचा किंवा प्लास्टर काढल्यानंतरचा व्यायाम, असा आपल्याकडे समज आहे. काही जणांना ती फक्त मशीनने शेक देणे वाटते. मानेच्या डोकेदुखीत मात्र फिजिओथेरपिस्टचे हातच खरे साधन असतात. या पद्धतीला 'मॅन्युअल थेरपी' म्हणतात.

समजा, शिलाईकाम करणारी एक ताई फिजिओथेरपी विभागात गेली. तिथे काय होईल?

पहिल्या दिवशी प्रश्न आणि तपासणी. दुखणे केव्हापासून, कोणत्या बाजूला, कशाने वाढते, गोळ्या किती, रक्तदाब किती, काम कोणते, झोप कशी, हे विचारले जाईल. मग बसवून मान सगळ्या बाजूंना हलवून पाहतील. त्यानंतर एक खास तपासणी असते. ताईला उताणे झोपवून तिची हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवतात आणि तशीच धरून डोके हळूच डावीकडे, मग उजवीकडे वळवतात. असे केल्याने खालचे मणके अडकून राहतात आणि वळण फक्त वरच्या दोन मणक्यांतून होते. निरोगी माणसाचे डोके प्रत्येक बाजूला साधारण ४० ते ४५ अंश वळते. मानेची डोकेदुखी असेल तर एका बाजूला ते बरेच आधी अडते. या तपासणीला ना मशीन लागते, ना पैसा.

मग उपचार. ताई पालथी किंवा उताणी झोपते. थेरपिस्ट अंगठ्यांनी किंवा बोटांनी ताठरलेल्या सांध्यावर हलका, लयीत दाब देतात. झोपाळा हलवावा तसा सांधा थोडा पुढे, थोडा मागे हलवला जातो. दाब किती, किती खोल, किती वेळ, हे रुग्णाच्या दुखण्याप्रमाणे ठरते. ही दाबाच्या पायऱ्यांची पद्धत ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी मांडली. न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांची पद्धत थोडी वेगळी आहे. तिच्यात थेरपिस्ट सांध्याला हलका आधार देऊन सरकवून धरतात आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः मान वळवतो. कवटीच्या कडेखालचे आखडलेले स्नायूही बोटांनी सैल केले जातात.

उपचार चालू असताना ओळखीचे दुखणे थोडे जागे होऊन मग शमले तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी मान थोडी अवघडते, तेही चालते. पण चक्कर आली, नजर धूसर झाली, हाताला मुंग्या आल्या किंवा दुखणे सहन होईना, तर ताबडतोब सांगा. "मॅडम रागावतील" म्हणून गप्प बसू नका. मान आपली आहे. काय करणार आहेत हे विचारण्याचा आणि "थांबा" म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

खरेच गुण येतो का?

आपण ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये, म्हणून एका अभ्यासाची माहिती देतो. ऑस्ट्रेलियात ग्वेन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेची डोकेदुखी असलेल्या २०० जणांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे चार गट केले. एकाला हातांचे उपचार, दुसऱ्याला मान आणि खांद्याचे हलके व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला यांतले काहीच नाही. उपचार सहा आठवडे चालले. वर्षभरानंतर पाहिले तेव्हा हातांचे उपचार घेतलेल्यांची आणि व्यायाम केलेल्यांची, दोघांचीही डोकेदुखी कमी वेळा होत होती आणि तिची तीव्रताही घटलेली होती. दोन्ही मिळालेल्या गटात आणखी थोड्या जणांना आराम पडला, पण फरक मोठा नव्हता.

यातून आपण घ्यायचा धडा असा : व्यायाम हा हातांच्या उपचाराइतकाच बलवान ठरला. ज्या ताईला रोजगार बुडवून आठवड्यातून दोनदा रुग्णालयात जाणे शक्य नाही, तिने एकदा नीट तपासून घेतले, व्यायाम शिकून घेतला आणि घरी नेमाने केला, तरी तिला फायदा होऊ शकतो. गरिबाला परवडणारा उपचार म्हणजे कमी दर्जाचा उपचार, असे इथे नाही.

मात्र हा जादूचा हात नव्हे. चार-सहा वेळा उपचार होऊनही काहीच फरक नसेल तर निदान पुन्हा तपासून घ्यावे.

मानेला झटका नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सलूनमध्ये दाढी-कटिंग झाली की डोक्याची चंपी होते आणि शेवटी हनुवटी धरून मान कडकन मोडतात. आवाज आला की मोकळे वाटते. काही ठिकाणी 'हाड बसवणारे' हेच करतात. आता मोबाईलवर व्हिडिओ पाहून पोरे एकमेकांच्या माना मोडतात.

मानेच्या मणक्यांना भोके असतात. त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर जातात. जोराच्या झटक्याने या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटू शकते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि माणसाला लकवा होऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडते, आणि तरुण माणसालाही घडते. आधीच फाटलेल्या रक्तवाहिनीचे पहिले लक्षणही मान आणि डोके दुखणे हेच असू शकते. म्हणजे माणूस दुखते म्हणून मान मोडून घेतो आणि तिथेच घात होतो.

सलूनमधल्या बांधवांचा हेतू वाईट नसतो, पण त्यांना ही तपासणी शिकवलेली नसते. त्यांना प्रेमाने सांगा, "चंपी करा, पण मान मोडू नका." हलक्या हाताने तेल लावून मालीश करायला हरकत नाही. फिजिओथेरपिस्टनेही झटक्याचा उपचार सुचवला तर "हलक्या दाबाने होईल का?" असे विचारा. हाडे ठिसूळ झालेले, संधिवात असलेले, बरीच वर्षे स्टेरॉइड घेणारे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेले, कर्करोगाचे किंवा टीबीचे रुग्ण यांनी मानेला झटका कधीच घेऊ नये आणि ही माहिती थेरपिस्टला आधीच द्यावी.

घरी करायचे व्यायाम

धोक्याच्या खुणा नसतील आणि एकदा डॉक्टरांनी पाहिलेले असेल, तर हे करता येतात. कोणताही व्यायाम करताना डोके जास्त दुखू लागले तर थांबा.

पहिला, मान डोलावणे. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवा. डोके न उचलता, कोणाला हळूच "हो" म्हणावे तशी हनुवटी अगदी थोडी गळ्याकडे आणा. श्वास न रोखता १० सेकंद धरा, मग सोडा. सुरुवातीला ५ सेकंद जमले तरी पुरे. असे १० वेळा, सकाळी आणि रात्री. गळ्याला बोटे लावून पाहा. दोन्ही बाजूंचे दोर ताठ झाले तर जोर जास्त होतोय. हा ताकदीचा व्यायाम नाही, मानेच्या आतल्या खोल स्नायूंना जागे करण्याचा आहे.

दुसरा, खांद्याची पाती. ताठ बसा. खांदे कानाकडे न उचलता पाठीची दोन्ही पाती हलकेच मागे आणि खाली आणा. १० सेकंद धरा. असे १० वेळा.

तिसरा, मान वळवणे. बसून मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे, दुखत नाही तिथपर्यंतच वळवा. प्रत्येक बाजूला ५ वेळा.

चौथा, बसण्याची सवय. काम करताना दर अर्ध्या तासाने थांबा. कंबर सरळ करा, डोके वरून कोणी धाग्याने ओढल्यासारखे उंच करा, १० सेकंद तसेच बसा. यात कामाचा खोळंबा होत नाही.

टॉवेलने मानेचा वरचा सांधा स्वतः सैल करण्याचाही एक व्यायाम आहे. मात्र टॉवेलची कड नेमकी कुठे बसवायची आणि ओढ कोणत्या दिशेला द्यायची, हे फिजिओथेरपिस्टकडून हात धरून शिकल्याशिवाय तो करू नका.

गुण दिसायला काही आठवडे लागतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोके दुखले त्या दिवशी फुली मारा आणि गोळी घेतली तर 'गो' लिहा. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजा. विहारात आठवड्यातून एकदा जमणाऱ्या भगिनींनी तिथेच हे व्यायाम एकत्र केले तर नेम टिकतो आणि एकमेकींच्या चुका दिसतात.

काम, ओझे आणि झोप

"मान वाकवू नका" असे सांगणे सोपे आहे. ज्या बाईचे पोट वाकलेल्या मानेवर चालते तिला हा सल्ला काय कामाचा? काम सुटणार नाही, पण कामाची पद्धत थोडी बदलता येते.

शिलाई करणाऱ्यांनी बसायचे स्टूल आणि मशीन यांची उंची जुळवावी आणि मशीनजवळ उजेड वाढवावा. उजेड कमी असला की मान आपोआप पुढे जाते. भाजी निवडणे, विडी वळणे, माळा ओवणे ही कामे मांडीवर न करता पाट किंवा डबा ठेवून थोडी उंचावर करावीत. भिंतीला पाठ टेकून बसावे.

डोक्यावर हंडा, घमेले किंवा टोपली न्यावी लागते तेव्हा चुंबळ डोक्याच्या मधोमध घ्या. ओझे चढवताना आणि उतरवताना दुसऱ्याची मदत घ्या, कारण हिसका तेव्हाच बसतो. एका मोठ्या खेपेपेक्षा दोन लहान खेपा बऱ्या. मान आधीच दुखत असेल त्या दिवसांत घरातल्या पुरुषांनी पाणी भरावे. हेही औषधच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

झोपताना उशी एवढीच हवी की मान वाकणार नाही. कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांच्यामधली जागा भरली पाहिजे. चादरीच्या घड्या कमी-जास्त करून ही उंची जुळवता येते. पालथे झोपल्याने मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते, ती सवय सोडा. स्वयंपाक करताना मोबाईल कान आणि खांद्यात दाबून बोलू नका. गळ्यातला पट्टा डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढेच दिवस वापरा. महिनोन्महिने वापरल्याने मानेचे स्नायू आणखी कमजोर होतात.

गोळ्यांचा हिशेब

कधीमधी गोळी घेणे चुकीचे नाही. पण साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांना महिन्यातले १० दिवसही पुरतात. गोळीचा असर उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी, असे चक्र सुरू होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धोका अधिक. नाव नसलेली पुडी तर कोणाचीच घेऊ नका. रोज गोळी घेण्याची सवय लागली असेल तर ती कशी सोडायची हे डॉक्टरांना विचारा.

जायचे कुठे, बोलायचे काय

मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळाच १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएममध्ये सुरू झाली. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांचे दर वेगळे असतात. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर कामगार रुग्णालयात जाण्याचा तुमचा हक्क आहे. ठेकेदाराकडून कार्ड मागून घ्या.

खासगी दवाखान्यात गेलात तर फिजिओथेरपिस्टकडे पदवी आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारा. मसाज पार्लरचा अनुभव म्हणजे पदवी नव्हे.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो. "डोकं दुखतं" एवढेच सांगितले तर गोळी मिळेल आणि नंबर पुढे सरकेल. म्हणून चार वाक्ये कागदावर लिहून न्या : दुखणे मानेतून सुरू होते आणि अमुक बाजूलाच असते. मान अमुक बाजूला वळत नाही. महिन्यातून इतके दिवस दुखते, इतके दिवस गोळी घेते. मी अमुक काम करते. आणि शेवटी विचारा, "डॉक्टर, माझी मान तपासाल का? मला फिजिओथेरपी विभागात पाठवता येईल का?" लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्या. कॅलेंडरचे पानही सोबत न्या.

उजळणी

गटात हा पाठ वाचल्यावर एकमेकींना हे प्रश्न विचारा :

१. मानेतले दुखणे डोळ्यात का जाणवते?
२. मानेच्या डोकेदुखीच्या तीन खुणा कोणत्या?
३. कोणत्या खुणा दिसल्या तर लगेच दवाखाना गाठायचा?
४. मान मोडून घेणे का धोक्याचे आहे?
५. महिन्यात किती दिवसांहून जास्त गोळ्या घेतल्या तर गोळीच डोके दुखवते?
६. आपल्या वस्तीपासून सर्वांत जवळचा फिजिओथेरपी विभाग कुठे आहे आणि त्याची वेळ काय?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर या पाठात नाही. ते तुमच्यापैकी कोणीतरी या आठवड्यात जाऊन विचारून यायचे आहे आणि विहाराच्या फळ्यावर लिहायचे आहे. ज्यांचे दुखणे "रोजचेच" म्हणून सोडून दिले गेले आहे, त्या घरात हा निरोप आधी पोहोचवा.